अक्षय्य तृतीयेला जन्मलेल्या फायली

तो माणूस देवाला फसवायचा, आणि देव फसला असं त्याला मनापासून वाटायचं.

माझी पहिली नोकरी त्याच्याकडं झाली. बीडात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, खताच्या दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांत त्याचा सॉफ्टवेअरचा धंदा होता. तोंडावर आम्ही त्याला सर म्हणायचो. उभ्या जन्मात त्यानं कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण गळ्यात चष्म्याची दोरी आणि खिशाला दोन पेनं असली की आमच्याकडं माणूस आपोआप सर होतो. इथं तो समोर नाही, तेव्हा जमेल तेवढं मी त्याला नुसतं 'तो' म्हणणार आहे. तेवढाच माझा सूड.

आता मुहूर्त पाळणारी माणसं मी लई पाहिलीत. माझा बाप तिफण धरायलासुद्धा वार बघतो. त्यात मला हसण्यासारखं काही वाटत नाही. मुहूर्तासाठी थांबणारा माणूस निदान थांबतो तरी. हा थांबायचा नाही. वाटेल तेव्हा काम करायचा, अमावास्येला, राहुकाळात, भर ग्रहणात, आणि काम झालं की त्याला मागची एखादी चांगली तारीख चिकटवायचा. आपल्याकडं वर्षाला मुहूर्त साडेतीन. याच्याकडं हवे तेव्हा आणि हवे तेवढे.

लिनक्समध्ये टच नावाची एक कमांड असते. कुठलीही फाईल शेवटची कधी बदलली, ती तारीख आणि वेळ मशीन स्वतः लिहून ठेवतं. टचला सांगितलं की ती बदलता येते. आज लिहिलेल्या फायलीला गेल्या सालची तारीख द्या, मशीन हू का चू करत नाही. या कमांडचे शहाण्या माणसांनी करायचे बरेच उपयोग आहेत. त्याला एकच ठाऊक होता. प्रोग्राम तयार झाला की तो पंचांग उघडायचा, बोट फिरवत एक तारीख धरायचा आणि सगळ्या फायलींना ती द्यायचा. बहुतेक वेळा अक्षय्य तृतीया, सकाळी सात वीस. त्याच्या मशीनवर हजारभर फायली असतील, आणि त्यातल्या निम्म्या एकाच सकाळी सात वीसला जन्मल्या होत्या. साऱ्या गल्लीत विंडोज चालत असताना त्यानं लिनक्स का घेतलं असं गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणायचा, "सेफ असतंय." खरं कारण हे होतं.

"काम कधी झालं हे कुणी बघत न्हाई बे," तो मला सांगायचा. "कधीचं दिसतंय, हे बघतेत."

हे त्याचं आवडतं वाक्य. दिवसातून एकदा तरी यायचंच. त्याच्या हजेरीपटात कुणी कधी उशिरा आलं नाही, कारण सगळ्यांची वेळ तो स्वतःच लिहायचा आणि सगळ्यांना दहा पाचची द्यायचा. मी पहिल्याच आठवड्यात साडेअकराला पोचलो होतो, तरी पटावर दहा पाच. मला आधी तो माणूस दिलदार वाटला. मग कळलं की हजेरीपट पहिल्यांदा मांडला त्या दिवशी दहा पाचला अमृत चौघडिया, म्हणजे शुभ घटका होती, तीच त्यानं कायमची धरली होती.

ऑफिसात आम्ही दोघंच नोकर. मी प्रोग्राम लिहायचो आणि रफीकभाई मशीनी उघडून दुरुस्त करायचा. रफीकभाई वयानं मोठा, तोंडानं फाटका. सर पंचांग काढायला लागले की तो माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "ये आदमी ऊपर जाएगा ना, वहाँ भी पिछली तारीख डालके जाएगा."

भिंतीवर त्याच्या थोरल्या लेकीच्या लग्नाचा मोठा फोटो होता. खाली सोनेरी अक्षरात 'मुहूर्त साधला'. त्याची हकीकत रफीकभाईनं डोळ्यांनी पाहिलेली. मुहूर्त बारा बत्तीसचा. नवरदेवाची मिरवणूक मारुतीपाशी जी नाचायला लागली ती हलेचना. दिवस हिवाळ्याचे, मंडळी कार्यालयात शिरली तेव्हा सहा वाजून गेले होते. भटजी म्हणाले, आता गोरज धरू. हा म्हणाला, पत्रिकेवर बारा बत्तीस छापलंय. स्टूल मागवलं, वर चढला, कार्यालयाचं घड्याळ खाली घेऊन काटे फिरवले, परत टांगलं आणि म्हणाला, "आता बघा गुरुजी, दोन मिनिटं हायेत." फोटोत डोक्यावरचं घड्याळ साडेबारा दाखवतं आणि खाली सगळ्या ट्यूबलाइटी लागलेल्या आहेत. दाराबाहेर अंधार. तो फोटो तो गिऱ्हाइकाला कौतुकानं दाखवायचा, आणि गिऱ्हाईक कौतुकानं बघायचं. मला वाटतं, फोटोतला अंधार बघणारा साऱ्या बीडात मी एकटाच होतो. निदान त्या दिवसांत मला स्वतःबद्दल असंच वाटायचं.

एकदा त्यानं आपणहून सांगितलं की त्याच्या पत्रिकेत सातव्या घरात कडक मंगळ होता. तीन ठिकाणी ठरता ठरता मोडलं. मग त्याच्या मामानं एका जोशाला गाठून जन्मवेळ वीस मिनिटं पुढं सरकवून घेतली, मंगळ सहाव्या घरात जाऊन बसला आणि चौथ्या ठिकाणी लगेच जमलं.

"वीस मिनिटं," तो म्हणाला. "वीस मिनिटांनी माझा संसार उभा केला."

"काकूंना माहीत हाय का सर?"

"तिला कावून सांगू? तिची बी सरकवलेलीच आसंल."

हे सांगताना तो हसला नाही. त्याला खरंच वाटत होतं की जग असंच चालतं, सगळेच सरकवतात, आणि जो सरकवत नाही तो बावळट. मला त्याची घडीभर कीव आली होती. ती फार टिकली नाही.

आता एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लिहिलेला प्रोग्राम मशीनला तसाच चालवता येत नाही. त्या कच्च्या फायलीपासून तयार प्रोग्राम बांधावा लागतो, आणि हे बांधायचं काम मेक नावाचा एक गडी करतो. मेक कामसू आहे, पण उगाच राबत नाही. तो फक्त दोन तारखा बघतो. टोपल्यातल्या भाकरीनंतर पीठ मळलेलं दिसलं तर नवी भाकरी थापतो. पीठ भाकरीच्या आधीचं किंवा अगदी त्याच वेळेचं दिसलं तर म्हणतो, भाकरी हाय की. पिठात काय बदललंय ते तो हात घालून बघत नाही. बघायचंच नाही, तारखेवर विश्वास ठेवायचा, यातच त्याचा सगळा वेग आहे. तारीख खोटी असेल हे त्याच्या स्वप्नातही येत नाही.

सरांचं इतकी वर्षं निभावलं ते एवढ्याचमुळं की तो आधी मेक चालवायचा आणि नंतर टच. आधी भाकरी, मग तारीख. हे काही त्यानं समजून केलं नव्हतं. सवय पडली होती इतकंच.

त्या वर्षी एका संस्थेचं काम आलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी ही संस्था हंगामापुरतं वसतिगृह चालवते. आईबाप कारखान्यावर, पोरं गावात राहून शाळेत. नाव नोंदवणं, वय तपासणं आणि यादी छापणं, एवढा प्रोग्राम हवा होता. तेलगावकडच्या एका गावापासून सुरुवात करायची होती. प्रोग्राम श्रावणात सरांनी लिहिला आणि अर्थातच अक्षय्य तृतीयेला सात वीसला जन्माला घातला. मी तो वाचला आणि कपाळावर हात मारला. एक जूनच्या आधी जन्मलेल्या पोरांचं वय एका रीतीनं काढलं होतं, नंतर जन्मलेल्यांचं दुसऱ्या रीतीनं. बरोबर एक जूनला जन्मलेल्याचं कुठंच काढलं नव्हतं. त्याचं वय शून्य यायचं आणि नाव गळायचं.

दुसऱ्या देशात ही चूक वर्षानुवर्षं खपली असती. आमच्याकडं एक जून ही तारीख नाही, ती जात आहे. ज्याचा जन्म कुठं लिहिलेला नाही त्याला शाळेत घालताना गुरुजी एक जून टाकतात. माझी स्वतःची एक जून आहे. दवाखान्यात जन्मलेल्यांच्या तारखा हल्ली खऱ्या असतात, पण उसाच्या फडावर जन्मलेलं पोर अजून एक जूनचंच. म्हणजे ज्यांच्यासाठी वसतिगृह, नेमकी तीच पोरं बाद.

मी दुरुस्ती केली. एक बरोबरची खूण वाढवायची होती फक्त. माझ्या मशीनवर बांधून, खोटी नावं घालून तपासली आणि पेन ड्राइव्ह घेऊन सरांकडं गेलो. संस्थेची खरी नावं फक्त सरांच्या मशीनवर होती आणि त्या मशीनला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते.

"आज?" ते म्हणाले. "पितृपक्ष हाय. पंधरवड्यात नवं काम?"

"नवं न्हाई सर, दुरुस्ती हाय."

"ते पितरांना कळतंय का?"

त्यांनी विचार केला आणि मग त्यांना मार्ग सुचला. एरवी फायलीवर घटकाभर खरी तारीख राहिलेली त्यांना चालायची. पितृपक्षातली घटकासुद्धा नको होती. म्हणून त्यांनी या वेळी आधी टच केलं, अक्षय्य तृतीया, सात वीस, आणि मग मेक चालवलं.

"कच्चा माल शुद्ध, म्हणजे पक्का शुद्ध," ते दारातूनच मला म्हणाले. "अन् बघ, शुभ काम कसं झटक्यात होतंय. नुसतं अप टू डेट म्हणला अन् झालं बी."

हे त्यांनी मला सांगितलं. शब्द न् शब्द सांगितलं. मेक 'अप टू डेट' म्हणाला म्हणजे त्यानं काहीच बांधलं नाही, जुनीच भाकरी टोपल्यात आहे, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही, कारण मी ऐकतच नव्हतो. पितरांची नजर चुकवून फाईल आत घेणाऱ्या माणसाची गोष्ट रफीकभाईला कशी रंगवून सांगायची, हे मी मनात जुळवत होतो. खाली चहाला गेल्यावर सांगितलीही. दोघं पोट धरून हसलो.

दसऱ्याला यादी छापली. यादीच्या डोक्यावरची तारीख फायलीवरूनच यायची, आणि त्या दिवशी ती तारीख खरी होती. दसरा असल्यावर खोटं बोलायची गरजच नव्हती.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी एक बाई, तिचा नवरा आणि बारा वर्षांची पोरगी माडी चढून वर आली. पोरगी सहावी पास झालेली, सातवीत बसलेली.

"गुर्जी म्हणतेत कॉम्प्युटरनं नाव काढलं," बाई म्हणाली. "कावून काढलं, ते इचारायला आलो."

"यादी नीट बघितली का?" मी विचारलं.

"मी दोनदा वाचली," पोरगी म्हणाली. "वरून खाली अन् खालून वर."

मी जन्मतारीख विचारली. बाप म्हणाला, "एक जूनच की सायब. दुसरी कोणती असती?"

मी आत गेलो. सर बॅग भरत होते. केजकडं कुणा सोयऱ्याचा साखरपुडा होता, तिथलंही घड्याळ मागं घ्यायचं असेल. मी म्हणालो, सर, फायलींच्या तारखा दाखवा. त्यांनी दाखवल्या. कच्ची फाईल सात वीस, तयार प्रोग्राम सात वीस. सेकंदाचा फरक नाही. मी समजावून सांगितलं, पिठाभाकरीसकट. त्यांनी ऐकून घेतलं.

"मशीन म्हणतंय अप टू डेट, तू म्हणतो जुना. मी मशीनचं ऐकू का तुझं?"

"सर, पेन ड्राइव्हवरची फाईल परत घ्या अन् टच न करता मेक चालवा. पाच मिनिटांचं काम हाय. बाहेर माणसं बसलीत, उद्या सकाळी त्यांचा कारखान्याला जायचा ट्रक हाय."

"सोमवारी बघू." त्यांनी मशीन बंद केलं, पासवर्ड डोक्यात घेतला आणि जिना उतरून गेले. जाताना त्या पोरीला म्हणाले, "होईल हं बाळ."

गावच्या वसतिगृहाचं काम बघणाऱ्या गुरुजींना मी फोन लावला. ते म्हणाले, तुमचं म्हणणं खरं असेल, पण मला यादीत नाव दाखवा. त्यांचंही चूक नव्हतं. बाईला म्हणालो, सोमवारी नाव येतंय, दोन दिवस पोरीला मागं ठेवून जा.

"कुणापाशी ठिवू?" ती म्हणाली. "घराला कुलूप हाय. सासू बी येती संगं, सैपाकाला."

त्या गावची सहा पोरं गळाली होती. पाच जणांच्या घरी म्हातारी माणसं होती, ती सोमवारपर्यंत थांबू शकत होती. हिच्या घरी कुणी नव्हतं.

ती तिघं खाली उतरल्यावर रफीकभाई माझ्याजवळ आला. "पेन ड्राइव्ह से खोल देता हूँ मशीन," तो हळूच म्हणाला. "दस मिनट. पासवर्ड-बिसवर्ड कुछ नहीं लगता. तू बना के यादी छाप, वो लोग अभी स्टँड पेच होंगे."

मी नको म्हणालो. मला पुण्याला जायचं होतं, आणि त्यासाठी सरांच्या सहीचं अनुभवाचं सर्टिफिकेट लागणार होतं. त्यांचं मशीन फोडलं असतं तर ते मिळालं नसतं. रफीकभाईला मी हे कारण सांगितलं नाही. म्हणालो, चांगलं दिसत नाही ते. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पेचकस उचलून आपल्या जागेवर गेला.

ट्रक रविवारी पहाटे गेला. सोमवारी सर आले, पेन ड्राइव्हवरची फाईल परत घेतली, टच न करता मेक चालवलं आणि सहाही नावं आली. मग त्यांना घाम फुटला. संस्थेची माणसं विचारणार, दसऱ्याच्या यादीत ही नावं का नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपली खुर्ची मागं सारून मला म्हणाले, "बस."

"काय करू सर?"

"नव्या यादीला दसऱ्याची तारीख दे. तूच दे."

मी कधीपासून या माणसाला हसत होतो. त्याच्या टचला, त्याच्या पंचांगाला, त्याच्या फोटोतल्या अंधाराला. खुर्चीत बसलो आणि तीच कमांड टाईप केली. दसरा, सकाळी दहा पाच. वेळ मी माझ्याच मनानं घातली.

"आणि कुठं दिसत न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

दिसतं. लिनक्स फायलीची आणखी एक तारीख ठेवतं, तिला टच लावता येत नाही. खरा बदल कधी झाला ते तिथं तसंच राहतं. विचारलं तर मशीन सांगतं. मी म्हणालो, "न्हाई सर." जुनी यादी गावातल्या भिंतीवरून काढली आणि त्याच जागी नवी लावली. संध्याकाळी सरांनी मला त्यांच्या डब्यातली पोळी-भाजी दिली.

पाच पोरं वसतिगृहात राहिली. सहावीच्या आईबापाला उसाला नेणाऱ्या मुकादमाचा नंबर मला मिळाला होता. ट्रक कर्नाटकात पोचला होता आणि पोरीला परत आणून सोडायला तो कुणाला मोकळं करणार नव्हता. मी जाऊन आणू शकलो असतो. एक दिवस जायला, एक दिवस यायला. गेलो नाही.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या तेव्हा पुढच्या वर्षाची नोंदणी बसवायला मी त्या गावच्या शाळेत गेलतो. आदल्या गुरुजींची बदली झाली होती, टेबलाशी नवे गुरुजी होते आणि समोर तेच नवरा-बायको उभे होते. मागं पोरगी. हाताला उसाच्या पाचटाचे चरे. दसऱ्याची यादी भिंतीवर अजून होती, उन्हानं पिवळी पडलेली.

"नाव लागलेलं असताना पोरगी नेली तुमी," गुरुजी म्हणत होते. "एक जागा हंगामभर रिकामी राह्यली. आता हिचा नंबर शेवटी लागंल, आन् सातवी परत करावी लागंल."

"तवा नाव न्हवतं गुर्जी," बाई म्हणाली.

"न्हवतं कसं? ही काय यादी. दसऱ्याची तारीख हाय वर."

बाप यादीजवळ गेला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं पोरीला पुढं बोलावलं. तिनं बोट फिरवलं आणि तिला तिचं नाव सापडलं. ती तिथंच थांबली.

"तूच वाचलीस ना तवा?" बाप म्हणाला.

"न्हवतं," ती म्हणाली. "दोनदा वाचलं मी."

बाईनं तेवढ्यात मला ओळखलं. "हे सायब हुते की. दादा, तुमीच सांगा, तवा नाव न्हवतं ना?"

गुरुजीही माझ्याकडं वळले. "हां, तुमीच सांगा. यादी कधीची?"

सर्टिफिकेट अजून माझ्या हातात पडलं नव्हतं.

"दसऱ्याची," मी म्हणालो.

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. बापानं तिच्या डोक्यात टपली मारली, जोरात नाही. "सहा वर्सं साळंत घातली," तो गुरुजींना म्हणाला, "अन् सोताचं नाव वाचता येईना. ऱ्हाऊ द्या गुर्जी, यंदा नका घालू. मुकादमानं अर्धा कोयता धरलाय तिला, एका मोठ्या माणसाची मजुरी."

गुरुजींनी दोनदा समजावून पाहिलं. मग वहीत तिच्या नावापुढं 'पालकांचा नकार' असं लिहिलं, बापाचा अंगठा घेतला आणि खाली तारीख टाकली. ती त्याच दिवसाची होती.